पुस्तके गावोगाव पोहोचवणारा राजा

११ मार्च हा श्रीमंत महाराजा सयाजीराव गायकवाड यांचा जन्मदिवस. बडोद्यात वाढणाऱ्या मुलांना महाराजांची ओळख वेगळी कशाला करून द्यायची, असे कोणी म्हणेल. त्यांच्या नावाच्या बागेत आपण खेळतो. त्यांच्या नावाच्या विद्यापीठात आपली ताई-दादा शिकतात. त्यांच्या नावाच्या दवाखान्यात आपल्यापैकी कितीतरी जणांचा जन्म झाला आहे. पण एखादे नाव रोज कानावर पडू लागले की त्या नावामागचा माणूस हळूहळू दिसेनासा होतो. जयंतीला तसबिरीला हार घालायचा, दोन भाषणे ऐकायची आणि खाऊ घेऊन घरी जायचे, एवढेच मग उरते.

म्हणून यंदा आम्ही ठरवले, की महाराजांच्या सगळ्या कामांची यादी देत बसायचे नाही. एकच काम निवडायचे आणि त्याची हकीकत नीट सांगायची. हे काम आहे पुस्तकालयांचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, जेव्हा हिंदुस्थानात बहुतेक ठिकाणी पुस्तकालय म्हणजे साहेबांच्या किंवा वर्गणी भरू शकणाऱ्या मंडळींच्या बसण्याची जागा होती, तेव्हा बडोदे संस्थानाने खेड्यापाड्यांतल्या सर्व माणसांना फुकट पुस्तके देण्याचे ठरवले आणि तसे करून दाखवले. असे राज्यव्यापी काम आपल्या देशात त्याआधी झालेले नव्हते.

कवळाण्याचा गोपाळ

नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ कवळाणे नावाचे गाव आहे. तेथे गायकवाड घराण्याच्या एका दूरच्या शाखेतील काशीराव गायकवाड शेती करून राहत. त्यांच्या घरी ११ मार्च १८६३ रोजी गोपाळचा जन्म झाला. घर खानदानी खरे, पण राहणी शेतकऱ्याची. मुले गुरांमागे जात, शेतात खेळत. शाळा, पाटी, पुस्तक यांचा संबंध फारसा आला नव्हता.

इकडे बडोद्यात मोठी उलथापालथ चालू होती. १८७० मध्ये खंडेराव महाराज वारले. त्यांच्यामागून गादीवर आलेल्या मल्हाररावांना इंग्रज सरकारने १८७५ मध्ये पदच्युत केले. खंडेरावांच्या विधवा पत्नी महाराणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. गायकवाडांच्या शाखांचा शोध घेता घेता कवळाण्यापर्यंत माणसे पोहोचली आणि काही मुलांना बडोद्याला आणले गेले. त्यांत गोपाळ होता. येथे कशासाठी आलास, असे विचारल्यावर आपण राज्य करायला आलो आहोत, असे उत्तर त्याने न बिचकता दिले, अशी गोष्ट आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. २७ मे १८७५ रोजी त्याचे दत्तकविधान झाले आणि कवळाण्याचा गोपाळ बडोद्याचा सयाजीराव झाला. तेव्हा त्याचे वय बारा वर्षांचे होते.

उशिरा झालेली अक्षरओळख

बालमित्रांनो, तुम्ही बालवर्गात असतानाच अ-आ-इ-ई गिरवू लागता. हा मुलगा बाराव्या वर्षी राजवाड्यात आला तेव्हा त्याला धड लिहिता-वाचता येत नव्हते. सहा वर्षांत त्याला राज्य चालवण्याइतके तयार करायचे होते. त्याच्यासाठी खास शाळा उघडली गेली आणि एफ. ए. एच. इलियट नावाचे इंग्रज अधिकारी शिक्षक म्हणून नेमले गेले. मराठी, गुजराती, इंग्रजी आणि उर्दू या चार भाषा जवळजवळ एकाच वेळी सुरू झाल्या. शिवाय हिशेब, इतिहास, भूगोल, घोड्यावर बसणे, तालीम. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत वेळापत्रक आखलेले असे.

शिक्षण सोपे गेले नाही. ज्या वयात इतर मुले गोष्टींची पुस्तके भराभर वाचतात, त्या वयात त्यांना अक्षरे जुळवावी लागली. पण त्यांनी चिकाटी सोडली नाही. दिवाण सर टी. माधवराव यांनी राज्यकारभार कसा करावा यावर त्यांच्यापुढे व्याख्यानमालाच दिली. २८ डिसेंबर १८८१ रोजी, वयाच्या अठराव्या वर्षी, सयाजीरावांच्या हाती राज्याचा पूर्ण कारभार आला.

उशिरा मिळालेली वस्तू माणूस जपून वापरतो. महाराजांचे वाचनाचे तसेच झाले. पुस्तक हे त्यांच्या रोजच्या आयुष्याचा भाग झाले. पुढे प्रकृती साथ देईना, झोप येईना, तेव्हा दुसऱ्याकडून वाचून घेण्याचा क्रम त्यांनी ठेवला. मराठ्यांच्या इतिहासाचे थोर अभ्यासक रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ मध्ये बडोद्याच्या नोकरीत आले ते महाराजांना वाचून दाखवण्यासाठीच. राजपुत्रांना शिकवण्याचे कामही त्यांच्याकडे होते. त्या वाचनातून आणि शिकवण्याच्या टिपणांतून सरदेसायांना इतिहासलेखनाची गोडी लागली आणि मराठीला त्यांच्या रियासती मिळाल्या. एका राजाच्या वाचनाच्या आवडीतून आपल्या भाषेला केवढा लाभ झाला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

शाळा झाल्या, पुढे काय?

बडोदे संस्थान नकाशात सलग नव्हते. बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली हे मुख्य प्रांत गुजरातभर विखुरलेले होते आणि मधे मधे इंग्रजांचा आणि दुसऱ्या संस्थानांचा मुलूख होता. लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास. त्यात बहुतेक शेतकरी आणि निरक्षर.

महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला. तेथील अनुभव पाहून १९०६ मध्ये साऱ्या संस्थानासाठी कायदा झाला. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी ब्रिटिश हिंदुस्थानात सक्तीच्या शिक्षणाची मागणी केली, तेव्हा त्यांनी बडोद्याचाच दाखला दिला होता. गोखल्यांचे विधेयक १९१२ मध्ये फेटाळले गेले. बडोद्याच्या शाळा मात्र चालू होत्या.

पण शाळा उघडल्यावर एक नवीच अडचण दिसू लागली. खेड्यातला मुलगा चार-पाच इयत्ता शिकून बाहेर पडे आणि बापाबरोबर शेतावर जाई. घरात पुस्तक नाही, गावात वर्तमानपत्र नाही, लिहिण्याचे काम पडत नाही. काही वर्षांत तो शिकलेले विसरे आणि पुन्हा अंगठ्यावर येई. सरकारने त्याच्यावर केलेला खर्च आणि त्याने पाटीवर घालवलेली वर्षे, दोन्ही पाण्यात जात.

आमच्या मते महाराजांच्या साऱ्या पुस्तकालयांच्या कामाचे मूळ येथे आहे. वाचायला शिकणे ही एकदाच करून संपणारी गोष्ट नाही, ते टिकवावे लागते, आणि टिकवायचे तर वाचण्याजोगे पुस्तक हाताशी पाहिजे, हे त्यांनी ओळखले. ज्याला स्वतःला बाराव्या वर्षी अक्षरे कष्टाने मिळवावी लागली, त्याला ती गमावण्याचे दुःख अधिक कळले असणार.

सुरुवात अगदीच शून्यातून झाली असे नाही. चरोतरातील वसो गावचे मोतीभाई अमीन हे हाडाचे शिक्षक. त्यांनी १९०६ च्या सुमारास गावोगाव मित्रमंडळ पुस्तकालये सुरू करण्याची खटपट चालवली होती. शिक्षकांनी आणि गावकऱ्यांनी एकत्र यायचे, वर्तमानपत्रे आणि मासिके मागवायची, ती सर्वांनी वाचायची, अशी साधी योजना होती. खालून असा हात पुढे आला असतानाच वरून राजाचा हात आला, हे या कामाचे भाग्य.

अमेरिकेहून आलेले बोर्डेन साहेब

महाराजांनी प्रकृतीसाठी आणि पाहण्या-शिकण्यासाठी परदेशचे अनेक प्रवास केले. १९०६ मध्ये आणि पुन्हा १९१० मध्ये ते अमेरिकेत गेले. तेथील सार्वजनिक पुस्तकालये त्यांनी बारकाईने पाहिली. कामगार, बायका, मुले कोणीही सरळ आत जातात, पुस्तक घेतात आणि घरी नेतात, हे पाहून असे आपल्याकडे का होऊ नये, हा विचार त्यांच्या मनात पक्का झाला.

नुसता विचार करून ते थांबले नाहीत. कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन शहरातल्या एका पुस्तकालयाचे ग्रंथपाल विल्यम अॅलन्सन बोर्डेन यांना त्यांनी बडोद्याला येण्याचे निमंत्रण दिले. बोर्डेन १९१० मध्ये आले आणि राज्याच्या पुस्तकालय खात्याचे प्रमुख झाले. बडोदे येथे सेंट्रल लायब्ररी, तिच्याखाली प्रांतांची पुस्तकालये, मग कसब्यांची, मग खेड्यांची, आणि जेथे काहीच नाही तेथे फिरती पुस्तकालये, अशी उतरंड त्यांनी आखली. महाराजांनी आपल्या खासगी संग्रहातली सुमारे वीस हजार पुस्तके सेंट्रल लायब्ररीला दिली. त्यांचे बंधू संपतराव गायकवाड यांनीही आपला ग्रंथसंग्रह दिला.

पुस्तके आली, पण ती सांभाळणारी, विषयवार लावणारी आणि वाचकाला योग्य पुस्तक काढून देणारी माणसे कोठून आणायची? त्यासाठी १९११ मध्ये बडोद्यात ग्रंथपालांचा शिक्षणवर्ग सुरू झाला. असा वर्ग हिंदुस्थानात प्रथम बडोद्यातच निघाला. १९१२ मध्ये लायब्ररी मिसेलनी नावाचे नियतकालिक निघाले. त्यात इंग्रजी, गुजराती आणि मराठी असे तिन्ही भाषांतले लेखन येई. ग्रंथालयशास्त्रावरचा मजकूर शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मराठीत छापला जात होता, आणि तो बडोद्याहून, ही आपल्या अभिमानाची गोष्ट आहे.

बोर्डेन १९१३ मध्ये मायदेशी परतले. त्यांच्यानंतर हे खाते जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी सांभाळले आणि या चळवळीचा वृत्तान्त इंग्रजीत ग्रंथरूपाने १९१९ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे न्यूटन मोहन दत्त यांनी धुरा घेतली. मोतीभाई अमीनही खात्यात आले आणि खेड्यांतल्या पुस्तकालयांसाठी त्यांनी आयुष्य वेचले.

पेटीतले पुस्तकालय

आता मुलांना सर्वांत आवडेल असा भाग. ज्या गावात पुस्तकालय नाही, खोली नाही, पैसेही नाहीत, त्या गावाने काय करायचे? अशा गावांसाठी बडोद्याहून लाकडी पेट्या निघत. पेटीत पंचवीस-तीस पुस्तके असत. गोष्टी, चरित्रे, शेतीची माहिती, आरोग्य, धर्म, प्रवास अशी निवडक. गावचा मास्तर किंवा एखादा जबाबदार गृहस्थ पेटी मागवी. ती रेल्वेने, पुढे गाडीने गावात जाई. जाण्याचा आणि येण्याचा खर्च सरकार करी. गावकऱ्यांना एक पैसाही पडत नसे. ठरलेल्या मुदतीनंतर पेटी परत जाई आणि तिच्या जागी दुसरी, नव्या पुस्तकांची पेटी येई.

जरा डोळ्यांपुढे आणा. संध्याकाळची वेळ आहे, गुरे घरी आली आहेत. चावडीवर किंवा शाळेच्या ओसरीत कंदील लावला आहे. मास्तर पेटी उघडतात. ज्याला वाचता येते तो मोठ्याने वाचतो आणि बाकीचे ऐकतात. एका पुस्तकाचे वाचक किती, हे मोजायचे तर नुसती नोंदवही पाहून कसे चालेल?

पण पेटीत घालायला गुजराती आणि मराठीत पुरेशी चांगली पुस्तके तरी हवीत. महाराजांनी त्याचीही तजवीज केली. दोन लाख रुपयांचा निधी बाजूला काढून श्री सयाजी साहित्यमाला सुरू करवली आणि मुलांसाठी श्री सयाजी बालज्ञानमाला काढली. विज्ञान, इतिहास, चरित्र, समाज अशा विषयांवरची पुस्तके लिहवून आणि भाषांतरित करवून दोन्ही भाषांत छापली गेली. वाचक तयार करायचा, पुस्तक तयार करायचे आणि दोघांची गाठ घालून द्यायची, अशी तिन्ही कामे एकाच वेळी चालू होती.

तिघांचा वाटा

आमच्या पालकांनी आणि विश्वस्त मंडळींनी विशेष लक्ष द्यावे असा भाग पुढेच आहे. महाराजांकडे पैसा होता. मनात आणले असते तर त्यांनी गावोगाव पुस्तकालये बांधून लोकांना बक्षीस दिली असती. तसे त्यांनी केले नाही. योजना अशी होती, की गावाने वर्षाला काही रक्कम जमवायची, तेवढीच रक्कम प्रांतपंचायतीने घालायची आणि तेवढीच सरकारने. सरकारच्या वाट्याला कमाल मर्यादा ठरलेली होती. खेड्यासाठी वर्षाला १०० रुपये, कसब्यासाठी ३०० रुपये आणि प्रांताच्या मुख्य ठिकाणासाठी ७०० रुपये. पुस्तकालयाची इमारत बांधायची तरी हाच तिघांचा हिशेब.

याचा परिणाम काय झाला? गावकऱ्यांनी स्वतःच्या खिशातून पैसे घातले म्हणून पुस्तकालय त्यांना आपले वाटू लागले. कोणी लग्नाकार्यात देणगी दिली, कोणी जागा दिली. फुकट मिळालेल्या वस्तूकडे दुर्लक्ष होते, तसे येथे झाले नाही. मात्र पुस्तक वाचणाऱ्याकडून कोणतीही फी घ्यायची नाही, हा नियम होता. देणगी गावाने मिळून द्यायची आणि वाचन प्रत्येकाला मोफत. या दोन गोष्टींतला फरक महाराजांनी चांगला ओळखला होता.

महाराजांच्या कारकिर्दीच्या अखेरीपर्यंत संस्थानात हजाराहून अधिक पुस्तकालये उभी राहिली होती. त्या काळी संस्थानाबाहेरचे लोक हे सारे पाहायला मुद्दाम बडोद्याला येत.

वाचता न येणाऱ्यांसाठी

१९११ च्या खानेसुमारीत बडोदे संस्थानात शंभर माणसांमागे जेमतेम दहा जणांना लिहिता-वाचता येत होते. मग बाकीच्या नव्वदांना पुस्तकालयाचा काय उपयोग? हा प्रश्न खात्यालाही पडला होता. म्हणून एक वेगळी शाखा काढली गेली. जादूचा कंदील, म्हणजे पडद्यावर चित्रे दाखवणारे यंत्र, आणि सिनेमाचे यंत्र घेऊन खात्याची माणसे खेड्यांत जात. चित्रे दाखवून देशोदेशींची, शेतीची, आरोग्याची माहिती सांगत. खेळ फुकट असे. चित्रे पाहून ज्यांची उत्सुकता जागी झाली, त्यांच्या मुलांना पेटीतले पुस्तक उघडण्याची इच्छा होई.

बायका त्या काळी सार्वजनिक ठिकाणी पुरुषांबरोबर बसून वाचू शकत नसत. त्यांच्यासाठी वेगळी महिला पुस्तकालये निघाली. महाराणी चिमणाबाई (दुसऱ्या) स्त्रियांच्या शिक्षणासाठी झटणाऱ्या होत्या. १९२७ मध्ये भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा त्याच. सेंट्रल लायब्ररीत लहान मुलांसाठी स्वतंत्र विभाग होता आणि त्यात चित्रांच्या पुस्तकांबरोबर खेळही ठेवलेले असत. पुस्तकांच्या खोलीत मूल आधी रमले पाहिजे, वाचन मागून येईल, हा विचार त्यामागे होता.

उघडलेली दारे आणि बंद दारे

थोरांचे चरित्र सांगताना फक्त गोड तेवढेच सांगू नये असे आम्हाला वाटते.

अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी महाराजांनी कारभार हाती घेतल्यावर लवकरच शाळा उघडल्या होत्या. राज्याच्या पुस्तकालयांच्या नियमांत जात पाहिली जात नव्हती. १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर या तरुणाला महाराजांनी तीन वर्षांची शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवले. देशाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मिळण्यात त्या शिष्यवृत्तीचा मोठा वाटा आहे.

पण तेच आंबेडकर १९१७ मध्ये करारानुसार बडोद्याच्या नोकरीत रुजू व्हायला आले, तेव्हा त्यांना या शहरात राहायला जागा मिळाली नाही. एका पारशी धर्मशाळेत त्यांना नाव बदलून राहावे लागले आणि जात कळताच तेथून काढून लावले गेले. कोणाही ओळखीच्याने आपल्या घरी ठेवून घेतले नाही. त्या दिवशी कमाटी बागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, त्यांनी कित्येक तास काढले आणि त्याच रात्री ते मुंबईला परतले. एवढा सुशिक्षित माणूस, राजाने स्वतः शिकवलेला, राजाच्याच राजधानीत बेघर झाला.

राजाचा हुकूम पुस्तकालयाचे दार उघडू शकतो, पण घराचे आणि मनाचे दार उघडायला तेवढे पुरत नाही. ते काम वाचणाऱ्यांनी स्वतः करायचे असते. बागेत खेळायला जाल तेव्हा मुलांनो, ही गोष्टही आठवा. आपल्या वर्गात कोणी एकटे बसत असेल तर त्याच्याजवळ जाऊन बसा. शंभर पुस्तके वाचूनही एवढे जमले नाही, तर त्या वाचनाचा उपयोग काय?

अखेरची वर्षे

महाराजांच्या वाट्याला घरची दुःखेही पुष्कळ आली. पहिल्या पत्नी चिमणाबाई १८८५ मध्ये ऐन तारुण्यात गेल्या. मांडवीकडे जाताना दिसणारा चिमणाबाई टॉवर त्यांच्या नावाचा. पुढे युवराज फत्तेसिंहराव १९०८ मध्ये, शिवाजीराव १९१९ मध्ये आणि जयसिंहराव १९२३ मध्ये, असे तीन तरुण मुलगे महाराजांच्या डोळ्यांदेखत वारले. इंग्रज सरकारचा संशय आणि स्वतःचे आजारपण तर होतेच. या सगळ्यात काम मात्र थांबले नाही. १९२७ मध्ये सेंट्रल लायब्ररीच्या संस्कृत विभागातून प्राच्यविद्या मंदिर स्वतंत्र झाले. तेथील गायकवाड प्राच्यमालेने दुर्मीळ संस्कृत ग्रंथ जगापुढे आणले.

१९३१ मध्ये मांडवीजवळ सेंट्रल लायब्ररीची नवी इमारत उभी राहिली. तिच्यात पुस्तकांचे मजले एकावर एक असून कपाटे पोलादी आहेत आणि मधली जमीन जाड काचेची आहे. वरच्या मजल्यावरचा उजेड काचेतून खालपर्यंत झिरपावा आणि आगीचे भय कमी व्हावे, असा हेतू. ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी एकदा आई-वडिलांबरोबर जाऊन जरूर पाहावी.

१९३२ मध्ये कोल्हापूरला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद महाराजांकडे आले. बाराव्या वर्षी अक्षरे गिरवणारा मुलगा एकोणसत्तराव्या वर्षी आपल्या भाषेतल्या लेखकांच्या मेळाव्याचा अध्यक्ष झाला. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. मोतीभाई अमीनही त्याच वर्षी गेले. एकाने राज्याच्या वाड्यातून आणि दुसऱ्याने गावाच्या शाळेतून एकच काम ओढले होते. दोघांचा प्रवास एकाच वर्षी संपला.

आपल्यापुढचा प्रश्न

महाराजांपुढे जो प्रश्न होता तो आज वेगळ्या रूपात आपल्या घरात आहे. आपली मुले शाळेत जातात, हुशार आहेत, गुजराती आणि इंग्रजी सराईतपणे वाचतात. घरी आजीशी मराठीत बोलतात. पण मराठी पुस्तक हाती दिले की काही जण दुसऱ्याच ओळीला अडखळतात. अक्षरे तर आपली ओळखीचीच, पण वापर नाही. जे शिकले ते न वापरल्यामुळे हळूहळू निसटत चालले आहे. अमरेलीच्या शेतकऱ्याच्या मुलाचे जे होत होते, तेच हे.

यावर उपायही महाराजांनीच दाखवून ठेवला आहे, आणि त्यासाठी राजा असण्याची गरज नाही. एक पेटी पुरे. प्रत्येक वर्गात पंचवीस-तीस मराठी पुस्तकांची एक पेटी असावी आणि दर तिमाहीला ती पुढच्या वर्गात जावी, असे आम्ही सुचवतो. खर्चाचे तीन वाटे करावेत. एक वाटा विद्यार्थ्यांनी वाढदिवसाच्या चॉकलेटांऐवजी एकेक पुस्तक देऊन उचलावा, एक पालकांनी आणि एक विश्वस्त मंडळाने. पेटीची नोंदवही मुलांनीच ठेवावी. आणि आठवड्यातून एक दिवस घरी, दूरदर्शनसंच आणि मोबाईल बाजूला ठेवून, कोणी एकाने मोठ्याने वाचावे आणि बाकीच्यांनी ऐकावे. आजी-आजोबा असतील तर पहिला मान त्यांचा.

तसबिरीला घातलेला हार दुसऱ्या दिवशी सुकतो. पेटीतले पुस्तक वर्षभर हातोहात फिरत राहील. महाराजांना अभिवादन म्हणून यंदा एवढे तरी करू या.